टाळ्या आणि भाडेकरार

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत झाशीच्या राणीच्या नावाने ओळखली जाते, आणि बदलीच्या निमित्ताने देशाच्या सगळ्या भागांतून आलेली कुटुंबे तिथे एकमेकांच्या शेजारी राहत आली आहेत. वसाहतीच्या जवळच आयएनए मार्केट आहे, जिथे केरळी मासळी आणि ईशान्येकडचे बांबूचे कोंब एकाच बाजारात मिळतात. 1994 मध्ये सुरू झालेला दिल्ली हाट आहे, जिथे राज्याराज्यांचे कारागीर आळीपाळीने गाळे मांडतात आणि मोकळ्या मंचावर लोकनृत्ये होतात. आणि सफदरजंग एन्क्लेव्हला लागून हुमायूंपूर हे जुने गाव आहे, ज्याच्या अरुंद गल्ल्यांत मणिपूर, नागालँड, मिझोराम येथील तरुण-तरुणी भाड्याच्या खोल्यांत राहतात. कला माणसांना जोडते हे विधान सभासमारंभांत इतक्या वेळा केले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरज कुणाला वाटत नाही. ती करायचीच झाली, तर त्यासाठी हा परिसर उत्तम आहे.

वंशद्वेष म्हणजे माणसाचा चेहरा, कातडीचा रंग, केसांची वा डोळ्यांची ठेवण पाहून त्याची लायकी आणि चारित्र्य आधीच ठरवून टाकण्याची वृत्ती. ही वृत्ती गोऱ्या लोकांच्या देशांत असते आणि भारतीय माणूस तिचा केवळ बळी असतो, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. 2014 च्या जानेवारीने ती खोटी ठरवली. त्या महिन्याच्या मध्यास खिडकी एक्स्टेंशन या वस्तीत, दिल्लीच्या तत्कालीन कायदामंत्र्यांच्या उपस्थितीत, आफ्रिकी स्त्रियांना मध्यरात्री जमावाने घेरले. आणि 29 तारखेला लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांची टवाळी झाली, त्यातून वाद आणि मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. तीनच दिवसांपूर्वी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात देशाने आपल्या विविधतेचे कौतुक करून घेतले होते.

या मृत्यूनंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात कायद्यातील बदल आणि पोलीस व्यवस्था यांच्या बरोबरीने, शालेय अभ्यासक्रमात ईशान्य भारताचा इतिहास व संस्कृती यांना स्थान देण्याचा आग्रह धरला, म्हणजे रोगाचे मूळ अज्ञानात आहे हे तिने ओळखले होते. परंतु सरकारी यंत्रणेला संस्कृती म्हटले की महोत्सव आठवतो. मग चेराव, म्हणजे बांबूंच्या आपटत्या जोड्यांमधून पावले टाकत नाचण्याचा मिझो प्रकार, मंचावर सादर होतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि त्यांच्यापैकीच एखादा घरमालक घरी गेल्यावर दलालाला सांगतो की भाडेकरू ‘तसले’ नकोत. या दोन वर्तनांत त्याला स्वतःला काही विसंगती वाटत नाही, कारण मंचावरचा नर्तक त्याच्या दृष्टीने एक देखावा असतो आणि देखाव्याला स्वयंपाकघर लागत नाही.

स्वयंपाकघराचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. तीत पोशाखाबरोबरच, बांबूचे कोंब किंवा अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने शिजवावेत, असा सल्ला होता. तिच्यामागचे अधिकारी स्वतः ईशान्येकडचे होते आणि त्यांचा हेतू काळजीचा होता हे मान्य केले, तरी सुधारायचे कुणी याचे उत्तर तिने चुकीचे दिले होते. अखुनी म्हणजे उकडून आंबवलेले सोयाबीन, नागा स्वयंपाकातला जीव की प्राण. निकोलस खारकोंगोर यांनी नेमक्या याच पदार्थावर ‘अखुनी’ हा चित्रपट केला, तो 2019 मध्ये लंडनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. कथानक हुमायूंपुरातच घडते: मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घातलेले डुकराचे मांस शिजवायचे आहे, आणि त्या वासामुळे मित्रमंडळींना दिवसभर पातेले घेऊन कुठे शिजवावे याचा शोध घेत हिंडावे लागते. हसवता हसवता हा चित्रपट प्रेक्षकाला शेजाऱ्याच्या बाजूने नाकाला रुमाल लावू देतो आणि मग त्या रुमालाची लाज वाटायला लावतो.

तरीही या चित्रपटातील एक प्रमुख भूमिका ईशान्येबाहेरच्या अभिनेत्रीला दिली गेली, आणि त्यावर ईशान्येतूनच टीका झाली, ती योग्यच होती. त्याहून ठळक उदाहरण 2014 सालचेच आहे: निडो तानियाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्यावरील हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यात मेरी कोम झाल्या प्रियांका चोप्रा. गौरव करायचा तिच्या पराक्रमाचा, पण पडद्यावर चेहरा मात्र तिच्यासारखा नको, हा व्यवहार व्यावसायिक गणिताचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण वंशद्वेषाचा सगळा खेळच मुळात चेहऱ्याचा आहे.

कलेला जन्मतःच सद्गुणी मानणे हा भाबडेपणा आहे, आणि मराठी वाचकाला याचा दाखला आपल्याच इतिहासात सापडतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि मोगल फौजांना दख्खनेत वर्षानुवर्षे झुलवले. त्याला जिंकता न आलेल्या जहांगीराने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घातल्या, आणि जहांगीराच्या पदरी असलेल्या अबुल हसन या श्रेष्ठ चित्रकाराने सुमारे 1616 मध्ये असे चित्र काढले की बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात अंबर 1626 मध्ये वृद्धापकाळी, डोके धडावर असतानाच वारला. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातील या चित्राचे रेखाटन आणि रंगकाम अजोड आहे, आणि त्यातला द्वेषही तितकाच निगुतीने रंगवलेला आहे. आधुनिक काळातही वेगळे नाही: 1976 मध्ये एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाने, ज्याची सारी कमाई कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभी होती, बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली, आणि तिला उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, जिच्या कार्यक्रमांत गोरे पंक वादक आणि कॅरिबियन रेगे गायक एकाच मंचावर येऊ लागले.

मग कला उपयोगी पडते केव्हा? ज्याचा अपमान झाला त्याच्या हाती आशयाची सूत्रे असतात तेव्हा. आंबेडकरी जलसा, म्हणजे तमाशाचा साचा उचलून त्यात प्रबोधनाचा आशय भरणारा गाण्या-संवादांचा प्रयोग, याचे सर्वांत निखळ उदाहरण आहे. तमाशात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या करमणुकीसाठी नाच-गाणे केले, त्यांच्यातूनच भीमराव कर्डकांसारखे जलसाकार पुढे आले आणि ढोलकीच्या त्याच तालावर माणुसकीचा हक्क मागू लागले. तेथे कुणी कुणाची संस्कृती ‘दाखवत’ नव्हते. भूपेन हजारिका यांची गोष्टही याच जातीची आहे: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना पॉल रॉबसन या कृष्णवर्णीय गायकाचा सहवास त्यांना लाभला, आणि मिसिसिपीवरच्या त्याच्या प्रसिद्ध गाण्यापासून प्रेरणा घेऊन त्यांनी आसामी भाषेत नदीला जाब विचारणारे गाणे रचले. अमेरिकेने ज्याचे पारपत्र आठ वर्षे अडवून ठेवले त्या रॉबसनचा साठावा वाढदिवस 1958 मध्ये भारताने जाहीरपणे साजरा केला. परदेशातील वंशद्वेषाचा निषेध करण्यात हा देश कधी मागे नव्हता, हेही नोंदवायला हवे.

खिडकी एक्स्टेंशनमध्ये 2014 नंतर जे घडले त्यात मंच फारसा नव्हता. त्याच वस्तीत बस्तान असलेल्या ‘खोज’ या कलासंस्थेने भारतीय आणि आफ्रिकी कलावंतांना तिथेच राहून काम करण्यासाठी बोलावले, आणि पुढे मालिनी कोचुपिल्लै व महावीर सिंह बिष्ट यांनी ‘खिडकी आवाज’ नावाचे हिंदी-इंग्रजी वृत्तपत्र काढून ते गल्लीत वाटायला सुरुवात केली. त्यात वस्तीतल्या रहिवाशांच्या मूळ शहरांचे हवामानही छापले जाई, म्हणजे शेजाऱ्याच्या गावी पाऊस आहे की ऊन, हे दुकानदाराला चहा पिताना कळावे. अशा उपक्रमाने वंशद्वेष संपला असे कुणी म्हणू नये; 2016 च्या मे महिन्यात दक्षिण दिल्लीतच काँगोच्या एका तरुण शिक्षकाला मारहाण करून ठार केले गेले. पण एका सायंकाळच्या महोत्सवापेक्षा अशा चिवट, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाचे मोल अधिक आहे, यात शंका नाही.

हे दिल्लीचेच दुखणे आहे असे म्हणून महाराष्ट्राला सुटता येणार नाही, कारण 2012 च्या ऑगस्टमध्ये अफवांच्या धसक्याने बंगळुरूप्रमाणेच पुण्याहूनही ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार मिळेल त्या रेल्वेने घरी पळाले होते, आणि त्यांना थांबवील इतका विश्वास त्यांच्या शेजाऱ्यांविषयी त्यांना वाटला नव्हता. दिल्लीतील मराठी मंडळे गणेशोत्सवात दरवर्षी सांस्कृतिक कार्यक्रम करतात. यंदा त्यांनी हुमायूंपुरातील गायक-वादकांना एक संपूर्ण सायंकाळ द्यावी, पारंपरिक पोशाखाची अट घालू नये, काय गायचे ते त्यांना ठरवू द्यावे, मानधन इतर कलावंतांइतकेच द्यावे. आणि मंडळाच्या ज्या सभासदांच्या खोल्या भाड्याने देण्यासाठी रिकाम्या आहेत, त्यांनी त्या सायंकाळी सभागृहात आवर्जून हजर राहावे.