मुक्या जिवासाठी प्रार्थना
शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-६

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याच्या जठराला कधी अकस्मात पीळ पडतो. पोट ताठ फुगते, उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. अशा रात्री लेकरू विचारते, “मोत्यासाठी प्रार्थना करू का?”

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे हसू नये. नाथानाच्या दाखल्यातल्या गरिबाने आपल्या घासातला घास मेंढीला दिला, तिला लेकीसारखे वाढवले. ती हिरावल्याचे ऐकून दावीद राजा संतापला. त्या मायेची थट्टा कोणी केली नाही. (खर्चावरून टोमणे मारणारे शेजारी आपल्याकडेच!)

तेव्हा डॉक्टरांना तत्काळ गाठा आणि लेकराबरोबर गुडघे टेका. मोत्या वाचेलच, असे वचन मात्र देऊ नका. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन दिवसही जोखमीचे असतात. तेव्हाही लेकराला एकटे प्रार्थना करू देऊ नका.