दुःशलेचा शोक

सज्जनहो, जयद्रथवधाचे आख्यान लागले की मंडप कसा होतो हे आपण जाणताच. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ म्हणताच टाळ्यांचा कडकडाट होतो, मृदंगावर थाप पडते. आदल्या दिवशीच्या अभिमन्यूसाठी डोळे पुसलेले असतात, म्हणून तो आनंद खोटा नव्हे. पण व्यासमहर्षी तेथे थांबत नाहीत. स्त्रीपर्वात गांधारी दिव्यदृष्टीने रणभूमी पाहते, तेव्हा तिची मुलगी दुःशला नवऱ्याचे मस्तक शोधत सैरावैरा धावत असते. त्याच दृष्टीने गांधारी अभिमन्यूच्या देहाला कवटाळणाऱ्या उत्तरेलाही पाहते आणि तिच्यासाठीही रडते.

हे आठवायला निमित्त झाला एक युद्धपट. (कीर्तनकाराने सिनेमावर लिहावे का, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या.) १९४५ साली जपानच्या इवो जिमा बेटावर लढाई झाली. सुमारे ७,००० अमेरिकन सैनिक मेले. जपानी २०,००० च्या आसपास होते, त्यांतले फार थोडे वाचले. क्लिंट ईस्टवुड या अमेरिकन दिग्दर्शकाने २००६ मध्ये या एकाच लढाईवर दोन चित्रपट आणले. एक आपल्या बाजूने. दुसरा, ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’, जपान्यांच्या बाजूने आणि बहुतेक जपानी भाषेतच.

या दुसऱ्यात एक जखमी अमेरिकन पोरगा जपान्यांच्या गुहेत प्राण सोडतो. त्याच्याजवळ आईचे पत्र असते. इंग्रजी जाणणारा जपानी अधिकारी ते आपल्या सैनिकांना वाचून दाखवतो. पत्रात काय? कुत्र्यांनी कुंपणाखाली भोक पाडले, शेजाऱ्याच्या कोंबड्यांची दाणादाण उडवली. घरचेच काहीबाही. ऐकणाऱ्या एका जवानाला वाटते, माझ्या आईचे शब्दही हेच. पुढे तो शरण जातो, आणि पहाऱ्यावरचा अमेरिकन सैनिक त्याला गोळी घालतो. जपान्यांनी बंदिवानाला संगिनीने भोसकलेलेही याच चित्रपटात आहे. शत्रूचे अश्रू दाखवणे त्या मानाने सोपे असते हो. ते आपल्या माणसाच्या हातून ओघळले, हे आपल्याच लोकांना दाखवायला छाती लागते.

कोणी विचारील, दुःख दोन्हीकडे सारखे, मग धर्म-अधर्म कसला? दुःख सारखे म्हणून न्याय सारखा होत नाही. गांधारी रडली म्हणून दुर्योधन निर्दोष ठरला नाही, हे तिलाही कळत होते. त्या पत्राने जपानी सैन्याचे चीनमधले अत्याचारही धुतले जात नाहीत.

वनवासात जयद्रथाने द्रौपदीला पळवले, तेव्हा भीम त्याला ठार मारायलाच निघाला होता. धर्मराजाने आवरले. दुःशला आठव म्हणाले, गांधारी आठव. तेव्हा तो सुटला. पुढे कुरुक्षेत्रावर त्याला मारणे भाग पडले. पण बाण सोडताना अर्जुनाला ठाऊक होते, कुंकू कोणाचे पुसले जाणार ते. ती त्याची चुलत बहीण होती.