हरणाची किंमत, हरणाचे मोल



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची मुले आज परदेशी नोकरी करतात. अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडावर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि सोबत काम करणारे लोक त्यांनाही चल म्हणतात. बरोबर माहीतगार वाटाड्या असतो, राहण्याजेवण्याची सोय असते आणि दोन-तीन दिवसांचे काही हजार डॉलर होतात. मग घरी फोन येतो, ‘जाऊ का? एवढे पैसे घालण्यासारखे ते आहे का?’ प्रश्न वरून पाहिला तर खिशाचा आहे. जरा आत शिरले की तो विवेकबुद्धीचा होतो.

आपल्या देशात कायद्यानेच हा प्रश्न मिटवला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवाना मिळणे बंद झाले. तेव्हा इथे कुणी शेतावर हरणाच्या मटणाची पार्टी देतो म्हणाला, तर तो आपल्याला गुन्ह्यात भागीदार करून घेतो आहे, हे ओळखावे. त्यावर अधिक चर्चा नको. पण पैसे देऊन शिकार ही गोष्ट केवळ परक्यांची आहे, असेही समजू नये. १९५० ते १९७० या काळात नागपूरच्या ॲलविन कूपर या कंपनीमार्फत परदेशी पाहुणे मध्य भारताच्या जंगलांत शिकारीला येत असत. माग काढणारे आणि हाकारे घालणारे आपलेच लोक होते.

आता एक योगायोग पाहा. आपल्या जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट आहेत. शास्त्रज्ञ त्यांना कुरंग कुळात घालतात, कारण खऱ्या हरणांप्रमाणे त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. पण आपल्या बोलण्यात ती हरणेच. २०१४ साली तिथली सुमारे ५४ चौरस किलोमीटर जागा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाली. हाच काळवीट १९३२ साली अमेरिकेतील टेक्सस राज्यात नेऊन सोडला गेला. तिथे त्याची संख्या वाढली आणि आज तिथल्या खासगी कुरणांवर पैसे भरून त्याची शिकार करता येते. प्राणी एकच. टेक्ससमध्ये त्याच्या शिंगांच्या लांबीवरून दर ठरतो, येवल्यात त्याला हात लावला तर तुरुंग. मग नीती देशागणिक बदलते की काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. शिकार मुळातच पाप आहे, असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. अनुवादाच्या पुस्तकात खाण्यास योग्य प्राण्यांच्या यादीत हरीण आहे. शिकाऱ्यांना स्वतःचा आश्रयदाता संतही आहे, संत ह्युबर्ट. गुड फ्रायडेच्या दिवशी शिकार करत असताना त्यांना हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. ३ नोव्हेंबरला त्यांचा सण असतो. मात्र १९१७ च्या धर्मसभा कायद्याने आम्हा धर्मगुरूंना शिकारीच्या नादी लागू नये असे बजावले होते आणि गाजावाजा करून केलेली शिकार तर पूर्ण वर्ज्य ठरवली होती. या फरकात शहाणपण आहे. पोटासाठी वा गरजेसाठी जनावर मारणे निराळे, मारण्याचा उत्सव करणे निराळे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले की माणसाला प्राण्यांचा उपयोग करून घेण्याचा अधिकार आहे, पण प्राण्यांशी क्रूरपणे वागायची सवय पुढे माणसांवर उतरते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानेही प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असे म्हटले.

तेव्हा ‘पैसे घालावेत का?’ याचे उत्तर द्यायचे तर आधी पाहावे, त्या पैशातून नेमके विकत काय घेतले जाते.

पहिली गोष्ट म्हणजे वाटाड्याचे ज्ञान. वारा कुठून वाहतो, हरीण पाण्यावर केव्हा येते, गोळी कुठे लागली तर ते तडफडत राहणार नाही, हे सारे तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो. त्या कसबाची मजुरी देणे न्याय्यच आहे. दुसरी गोष्ट मांस. इथे मला म्हातारा इसहाक आठवतो. त्याने एसावला शिकारीचे रुचकर जेवण आणायला पाठवले. रिबेकेने घरच्या करडांचे मांस रांधून याकोबाच्या हाती दिले, आणि इसहाकाला चवीवरून फरक कळला नाही. ज्याला केवळ चव हवी, त्याने एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट वनसंवर्धन, आणि या मुद्द्याला हसून चालणार नाही. अमेरिकेच्या पुष्कळ भागांतून लांडगे नाहीसे झाले. हरणांची संख्या आवरणारा कुणी उरला नाही, की ती कोवळी झाडे खाऊन रान उजाड करतात आणि मग स्वतः उपाशी मरतात. शिवाय तिथे १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावला जातो. म्हणजे तिथला शिकारी जंगलासाठी काहीतरी मोजतो, हे कबूल केले पाहिजे.

चौथी गोष्ट म्हणजे खात्री, आणि गाडे इथे अडते. काही ठिकाणी उंच कुंपणाच्या आत हरणे सोडलेली असतात. पाहुणा रिकाम्या हाताने परत जाणार नाही, याची हमी असते. ज्या शिकारीत हरणाला सुटून जाण्याची वाट नाही, तिच्यात वाटाड्याच्या ज्ञानाला अर्थ उरत नाही आणि शिकाऱ्याच्या धीराचीही परीक्षा होत नाही. शेवटी विकत घेतले जाते ते एक मरण आणि भिंतीवर लावायची शिंगे. पंचवटीच्या या शहराला कांचनमृगाची कथा नव्याने सांगायला नको. कातड्याच्या मोहापायी माणूस काय गमावतो, हे इथले लहान मूलही जाणते.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. जिची किंमत होते, त्या वस्तूच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. जिथे प्रतिष्ठा आहे, तिथे बदली चालत नाही. कांट यांनी ही प्रतिष्ठा माणसापुरतीच मानली. आपण हरणाला माणसाच्या बरोबरीला बसवणार नाही. पण आपल्या मराठीत एक जुना शब्द आहे, मोल. देवाने निर्माण करून चांगले म्हटलेल्या प्रत्येक जिवाला मोल आहे, मग बाजारात त्याची किंमत होवो वा न होवो. वाटाड्याच्या श्रमाची किंमत देता येते. हरणाच्या जिवाचे मोल पैशाने चुकते होत नाही. ते आदराने, गरजेच्या मर्यादेने आणि स्वच्छ हाताने जपावे लागते.

म्हणून विचारणाऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारावेत. हरीण दिसलेच नाही आणि रिकामा परतलास, तरी पैसे वाया गेले असे तुला वाटणार नाही ना? फोटो आणि शिंगे मिळणार नसतील, तरी जाशील का? जे मारशील ते कुणाच्या तरी पानात पडेल ना? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर तिथल्या कायद्यात राहून जाणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. एकाचेही उत्तर नाही आले, तर ते पैसे फुकट गेले असे समजावे; आणि फुकट गेले एवढेच त्यातले नुकसान नाही.

आता आपल्याकडे वळू. आपण शिकार करत नाही म्हणून आपल्याला बरे वाटते. पण येवल्याच्या हरणांसाठी मोजतो कोण? माळावर गवत सरले की कळप शेतात उतरतात. कोवळा हरभरा, मका, कांद्याची रोपे रात्रीतून जातात. वनखात्याच्या भरपाईची सोय आहे, पण पंचनामा, कागद आणि हेलपाटे शेतकऱ्याच्याच वाट्याला येतात. उन्हाळ्यात पाणी शोधताना हरीण विहिरीत पडले, की दोर घेऊन धावतात ते गावकरीच. शहरात बसून आपण ज्या करुणेचा अभिमान बाळगतो, तिचे बिल तो कोरडवाहू शेतकरी भरत असतो. टेक्ससचा शिकारी हरणासाठी निदान स्वतःच्या खिशात हात घालतो; आपण काय घालतो?

‘पैसे घालण्यासारखे आहे का?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की हरणासाठी पैसे घालण्यासारखे जरूर आहे. फक्त ते जिवंत असताना घालावेत. मुलाबाळांना घेऊन एकदा पहाटे ममदापूरला जा. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या आणि घासाघीस न करता त्याच्या हातावर योग्य मजुरी ठेवा. वाटेत शेतकऱ्याजवळ बसा, त्याच्या पिकाची चौकशी करा, माल थेट त्याच्याकडून विकत घ्या. उन्हाळ्यात पाणवठे भरण्यासाठी टँकर लागतात. त्याला हातभार लावता येतो का, हे गावकऱ्यांना विचारा. कळप दिसेल किंवा दिसणारही नाही. न दिसला तरी तुम्ही मोजलेले पैसे ज्या घरात गेले, ते घर उद्या शेतात उतरलेल्या हरणाकडे थोड्या कमी रागाने पाहील.

आपला,
धर्मग्रामाचा फादर