रान आणि सातबारा

अरण्य राखावे, हे कोणाला अमान्य आहे? व्याख्यानात सारेच माना डोलावतात. रानाची सीमा स्वतःच्या सातबाऱ्यापाशी आली, की मात्र मान थबकते. याला सरसकट ढोंग म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

केरळचे उदाहरण घ्यावे. तेथील विरोधात आपल्याच ख्रिस्तसभेतील मंडळी अग्रभागी होती. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल केंद्राला दिला. निर्णयात ग्रामसभांना विचारावे, हा त्याचा आग्रह. सरकारने तो दडवून ठेवला. न्यायालयीन लढ्यानंतर २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला, तोही इंग्रजीत. मधल्या पोकळीत अफवा शिरल्या : जमिनी जाणार, घरे उठणार. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीच्या शिफारशींवरून इडुक्की, वायनाडचे डोंगर पेटून उठले. वाडवडिलांनी हिवतापाशी झुंजत कसलेल्या जमिनीचे हे शेतकरी जैवविविधतेचे वैरी नव्हते. त्यांना बेदखल होण्याची धास्ती होती.

वसईकरांना ही धास्ती परकी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’साठी आपण रस्त्यावर आलो, त्यामागेही भूमी हातची जाण्याचे भय होतेच. त्या भयाने आपल्याला वाड्या-बावखलांचे राखणदार केले. केरळात त्यानेच माणसांना रानाविरुद्ध उभे केले. (तुंगारेश्वरच्या बिबट्यासाठी आपण तितक्याच संख्येने आलो असतो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.)

परमेश्वराचे चांगुलपण एका जीवात मावत नाही, म्हणून त्याने नानाविध जीव निर्मिले, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचे स्मरण करून दिले. तसे असेल, तर घाटातील एखाद्या बेडकाची जात नाहीशी होणे ही किरकोळ बाब उरत नाही. पण तिला राखण्याची किंमत कोणी मोजायची? शहरात बसून शेतकऱ्याला त्याग शिकवणे सोपे आहे. घाटाचे पाणी पिणाऱ्यांनीही त्या भाराला खांदा द्यावा. आणि ज्यांच्या शब्दाला गाव मान देते, त्या आम्हा धर्मगुरूंचे काम घोषणा देण्याआधी अहवाल लोकांच्या भाषेत वाचून दाखवण्याचे आहे. भयभीत शेतकऱ्याला मी क्षमा करीन. त्याच्या भयावर मोर्चा उभारणाऱ्याला तितक्या सहजी नाही.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कई व चूरलमला दरडीखाली गेली. दोनशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टी झाली होती. सारे खापर एखाद्या आंदोलनावर फोडता येणार नाही. पण वाहून गेलेल्या घरांत चहामळ्यातील मजुरांच्या चाळीही होत्या. त्यांच्या नावे ना जमीन होती, ना सातबारा. सीमारेषेच्या त्या साऱ्या वादात त्यांना कोणी काही विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.