देव जुळले, आता रक्त तपासायचं का?

शंका : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंड कुटुंबातली, वय 23. आमचे सहा देव, त्यांचे सात, म्हणून सोयरीक पक्की झाली. कॉलेजात असताना शिबिरात रक्त तपासलं, त्यात मी सिकलसेलची वाहक निघाले. आई म्हणते, तुला कधी काही झालं नाही, उगाच बोलू नकोस, सोयरीक मोडेल. आजी म्हणते, देवांनी जुळवलेल्यात डॉक्टरला घालू नये. मुलाची तपासणी झालेली नाही. गप्प राहिले तर पाप लागेल का? आणि तपासायला सांगितलं तर तो देवावर अविश्वास होईल का?

समाधान : बाळ, आधी आजीची शंका घेऊ, कारण तिचं उत्तर आजीच्याच घरात आहे. सोयरिकीची माणसं आली की पहिली विचारपूस कुळाचे देव किती, याची होते. दोन्हीकडे सहाच निघाले तर मुलगा कितीही गुणी असो, बोलणी तिथंच थांबतात; ती दोघं भाऊ-बहीण ठरतात. नातं जोडण्याआधी विचारणं ही तुमचीच रीत आहे. वाडवडिलांना जे विचारता येत होतं ते त्यांनी विचारलं. रक्ताच्या आतलं त्यांना दिसत नव्हतं, तुम्हाला दिसतं. त्यात अविश्वास कुठला?

तुझी आईही चुकीचं बोलत नाही. वाहकाला सहसा त्रास होत नाही. मुलाच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल तर तुमच्या एकाही लेकराला आजार होणार नाही. फार तर काही तुझ्यासारखी वाहक होतील. तरीही वाहक म्हणून पोरींच्या सोयरिकी मोडतात, याची मला चीड येते. पण तोही वाहक असला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तिघं सुटली, असा तो हिशेब नाही. दर वेळी पुन्हा तेच 25 टक्के.

आमच्या शेजारी हा आजार असलेला एक मुलगा होता. थंडी वाढली, ताप आला, पाणी कमी प्यालं गेलं की त्याची हाडं ठणकायची. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी बारीक नसांत अडकतात, त्याची ती कळ. त्याची आई रात्रभर मांडीवर त्याचे पाय घेऊन बसायची. जरा चोळलं तरी तो ओरडायचा, म्हणून नुसती धरून बसायची.

म्हणून सांगतो, गप्प राहणं मला पापच वाटतं. ज्याच्याशी तुझी सोयरीक ठरली, त्या मुलालाही निवडायचा हक्क आहे आणि तुझं मौन तो काढून घेईल. लग्नानंतर त्याला कळलं, तर आजारापेक्षा लपवाछपवीचा घाव खोल जाईल.

मध्यस्थाकडून निरोप पाठवू नकोस, तूच बोल. मग दोघं प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकून नळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर बहुधा निश्चिंत. द्रावण गढूळ होऊन रेघा हरवल्या तर दोष आहे. पण माणूस वाहक की आजारी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. दोघंही वाहक निघालात तर थांबायचं, की लग्न करून गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करायची, हे हळद लागायच्या आधी ठरवा. दोन्ही वाटांनी माणसं गेली आहेत; त्यांतल्या कुणालाही मी नावं ठेवणार नाही.

जाताना आजीला सोबत ने. त्या नळीमागच्या रेघा तिलाही बघू दे.