फुटलं की फोडलं?

इंग्रजीच्या तासाला सकर्मक-अकर्मक क्रियापदं आली की मुलं व्याख्या घोकू लागतात आणि परीक्षेत गोंधळतात. वास्तविक मराठी बोलणारं मूल हा फरक शाळेत येण्याआधीच शिकलेलं असतं. 'मुलगी झोपली' म्हणताना ते 'ने' लावत नाही. 'मुलीने सूत कातलं' म्हणताना विसरत नाही. शिवाय मुलीने सूत कातलं, टकळी फिरवली, पेळू संपवला. मुलगी एकच, पण क्रियापद प्रत्येक वेळी कर्माचं लिंग पाहून वळतं. कर्म कुठलं हे त्या पोराला कुणी शिकवलं?

या उदाहरणातलं सूत आणि टकळी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने, असं तिथे ठरलं. डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात इंग्रजीला जागा नव्हती. पुढे आर्यनायकम् आणि आशादेवी या दाम्पत्याने सेवाग्रामला ही शिक्षणपद्धती, म्हणजे नयी तालीम, उभी केली.

आज इंग्रजी वगळा असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या मुलालाही ती नीट आलीच पाहिजे. पण हातातल्या कामापासून आणि तोंडातल्या भाषेपासून सुरुवात करायची ही नयी तालीमची रीत इंग्रजी शिकवायलाही मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

'द व्हील स्पिन्स' म्हणजे चाक फिरतं. 'शी स्पिन्स कॉटन' म्हणजे ती कापूस कातते. इंग्रजीत क्रियापद तेच. मागोमाग कर्म आलं की ते सकर्मक झालं. मूल अडतं ते इथेच, कारण आपल्याकडे बहुधा जोड्या असतात: पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, फिरणं-फिरवणं. म्हणून 'ब्रेक' दिसला की व्याख्या विचारू नये. मडकं फुटलं की कुणी फोडलं, एवढंच विचारावं. मूल चटकन सांगतं.

'ने'वर मात्र सगळी भिस्त ठेवता येत नाही. 'मी', 'तू' त्याच्याशिवायच चालतात. 'मुलगी गाणं शिकली', 'मुलगी पाणी प्यायली' इथेही कर्म आहे, 'ने' नाही. अशा वेळी 'काय शिकली?' म्हणून विचारावं. गाणं, असं उत्तर येतं. 'काय झोपली?' याला उत्तरच नसतं.