यार्देनेजवळची वेदी

शास्त्रपाठ : यहोशवा 22:10-34



रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देन नदीजवळ एक मोठी वेदी बांधली. ही वार्ता कानी पडताच बाकीचे इस्राएल लोक शिलो येथे युद्धासाठी जमले. आपल्या भावांनी देवाला सोडले, असेच त्यांनी धरून चालले. वार्ता खरी होती, वेदी उभी होती. तिचा अर्थ मात्र त्यांनी आपल्या मनाने लावला होता.

हा अध्याय वाचताना आम्हांला भोपाळची आठवण होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे नर्मदेपलीकडे राहावयास आली. शेजार मिळाला तो हिंदी-उर्दू बोलणारा, अदब जपणारा. आमची मुले आईला 'तू' म्हणतात. "आई, तू जेवलीस का?" यातली माया मराठी माणसाला सांगावी लागत नाही. पण ज्या घरी आईला 'आप' म्हणतात, तेथील माउलीला हे मूल उद्धट वाटते. उलट, जन्मदात्या आईशी 'आप' म्हणून बोलणारे लेकरू आम्हांला परक्यासारखे वाटते. आईचा मान दोन्ही घरी तितकाच! आणि गंमत अशी की, हिंदी बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेतही स्वर्गीय पित्याला 'तू' असेच म्हटले आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आणखी एक शब्द ध्यानात ठेवावा. हिंदी उपासनेत 'शिक्षा' म्हणजे शिकवण. मराठी मुलाला मात्र छडी आठवते.

इस्राएलाने तलवार उपसण्याआधी फिनहास याजक व दहा सरदार यांना पाठविले. त्यांचे बोलणे काही गोड नव्हते, त्यांनी सरळ आरोपच केला. पण ते समोर गेले आणि उत्तर पुरते ऐकून घेतले. ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. नदीपलीकडे राहिलेल्या आपल्या मुलांना पुढे कोणी परमेश्वराच्या लोकांतून वेगळे काढू नये, म्हणून ती साक्षीसाठी बांधली होती. युद्ध टळले. आम्ही मात्र वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसतो, शेजाऱ्याला विचारीत नाही, आणि घरी जाऊन त्याच्याविषयी बोलतो.

शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना एक काम द्यावे. शेजारच्या घरी आईला व आजीला काय म्हणून बोलतात, ते त्या घरच्या मोठ्यांना विचारून यावे, आणि आपल्या घरची रीतही त्यांना सांगून यावी.